टोपी आणि दाढी वगळता

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुमच्या कारखान्यात तयार झालेल्या मालाबद्दल तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. माल : वीसची नोट, एक नग. दोष : चालत नाही. नुकसान : मी काल दुपारी बारापासून तीनपर्यंत खोकत होतो.

झालं असं. खोकल्याच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि वीसची नोट पुढे केली. दुकानदाराने ती दोन बोटांत धरली आणि परत दिली. म्हणाला, "शिंगं आहेत."

"कुणाला?"

"थोरल्यांना."

मी चष्मा लावून पाहिलं. आपल्या देशाचे पहिले अध्यक्ष, ज्यांना लहानपणापासून आपण नुसतं 'थोरले' म्हणतो, त्यांच्या टोपीतून कुणीतरी बॉलपेनने दोन व्यवस्थित शिंगं उगवून आणली होती. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडे शिंगवाली घेत नाही. प्रभावळवाली असेल तर द्या." पुढच्या दुकानात गेलो. तिथे काउंटरवर प्रभावळवाल्या नोटा न घेण्याची पाटी होती, पण शिंगं लहान आहेत म्हणून तोही घेईना. बसमध्ये चढलो तर कंडक्टर म्हणाला, आम्ही सरकारी माणसं, आम्हाला दोन्ही चालत नाहीत, उतरा. शेवटी घरी येऊन खोडरबराने शिंगं खोडली. आता थोरल्यांच्या टोपीला भोक आहे आणि मला गोळ्या नाहीत.

तू तिकडे नोटांच्या छापखान्यात पोलादावर रेघा मारत बसतेस, तुला बाहेरची हवा लागत नाही, म्हणून सांगतो. इकडे सध्या दुसरा विषय नाही. थोरल्यांनी शाळा बांधल्या, रेल्वे आणली, आणि गोदीतल्या संपावर गोळ्या चालवून एकेचाळीस माणसं मारली. पहिल्या दोन गोष्टी पुस्तकात आहेत. तिसरी गोदीतल्या लोकांना पुस्तकाशिवाय पाठ आहे. आता सरकारने समिती नेमली आहे, की त्यांचं चित्र नोटेवर ठेवायचं की काढायचं.

माझं मत तुला माहीत आहेच. काढायचं. संपादकांनी दर रविवारी लेख मागितला आहे आणि मी नाही म्हटलेलं नाही. विरोधक म्हणशील तर घरातच आहे : आई. ती वीसची नोट खर्चच करत नाही. दुधाचे वीस झाले तर दहाच्या दोन देते, आणि वीसच्या नोटा कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवते. या वयात थोरल्यांची भक्त निघाली. बाबा असते तर हसले असते. नसतेही, त्यांचा काही भरवसा नव्हता.

त्या नोटेचं काम तुझ्याच विभागात झालं ना? आतली काही गंमत असेल तर कळव. नाव छापणार नाही.

तुझा,
खोकणारा मामेभाऊ

---

११ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

खोकल्याला गरम पाणी पी, फुकट असतं आणि त्यावर चित्र नसतं.

विभागात नव्हे. ते चित्र मी कोरलं. वीस वर्षांपूर्वी, या हातांनी, भिंगाखाली, पोलादाच्या प्लेटवर, उलटं. तुला हे मी त्या वेळीच सांगितलं होतं. तू "वा" म्हणाला होतास आणि विचारलं होतंस की कारखान्यात कॅन्टीन कसं आहे.

आमच्या कामाला सही नसते. चौतीस वर्षं मी इथे आहे. बाकी सगळा जन्म किनारी, वेलबुट्ट्या आणि पोस्टाच्या तिकिटांवरची दातेरी फुलं कोरण्यात गेला. माणसाचा चेहरा एकच मिळाला, तो हा. तो लोकांच्या खिशात आहे. मी एकतीस मेला निवृत्त होते. चेहरा रद्द झाला तर नियमाप्रमाणे प्लेट वितळवतात, तीन साक्षीदारांसमोर, आणि कोरणाऱ्यालाही साक्षीदार म्हणून उभं करतात. आमच्या साहेबांना हे सन्मानाचं वाटतं.

म्हणून स्पष्ट लिहिते. थोरल्यांशी माझं काही देणंघेणं नाही. त्यांनी शाळा बांधल्या ते बरं केलं, गोदीत केलं ते वाईट केलं, तू त्यावर हवे तेवढे लेख लिही. पण तो चेहरा राहायला हवा. का, ते विचारू नकोस. तुझी ताई सांगते आहे एवढं पुरे.

मामीला त्रास देऊ नकोस. तिला वीसच्या नोटा साठवायच्या तर साठवू दे, तुझ्या बापाचं काय जातं.

तुझी,
ताई

---

२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझ्या पत्राचा मान राखून मी थोरल्यांच्या कारभारावर एक अक्षरही लिहिलं नाही. फक्त चेहऱ्यावर लिहिलं. सोबत कात्रण जोडलं आहे, पण तू भिंगाशिवाय वाचत नाहीस म्हणून मुख्य भाग इथे उतरवतो :

"ती वर चढलेली डावी भुवई पाहा. समोरच्याच्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नाही. ते आवळलेले ओठ पाहा. या ओठांनी आयुष्यात कुणाची माफी मागितली नसणार. मानेचा ताठा तर असा, की जणू संपूर्ण देश त्यांच्या पायाशी चुकून सांडला आहे. अशा माणसाच्या घरात मुलं दबक्या पावलांनी वावरत असणार आणि बायको दार लावून हसत असणार. हा चेहरा आपण रोज खिशात, छातीशी घेऊन फिरतो."

लेख गाजला. एकशे बारा पत्रं आली. त्यातल्या साठांनी मला मूर्ख म्हटलं आहे आणि बाकीच्यांनी लेख आवडला म्हणून आपापले लेख वाचायला पाठवले आहेत. थोरल्यांच्या बाजूच्या पेपराने दुसऱ्याच दिवशी त्याच भुवईवर उत्तर छापलं : ती भुवई दूरदृष्टीची आहे म्हणे, आणि ओठ निश्चयाचे. म्हणजे भुवई एकच, भाडेकरू दोन.

मुख्य बातमी पुढे आहे. समितीने मला साक्षीला बोलावलं आहे, एप्रिलच्या शेवटी. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश आहेत. इतिहासाचे दोन प्राध्यापक आहेत, ते एकमेकांशी बोलत नाहीत, चिठ्ठ्या पाठवतात. आणि बँकेचा एक अधिकारी, जो प्रत्येक वाक्यानंतर खर्च किती येईल ते सांगतो.

घरी मात्र गडबड आहे. लेख आईला मोठ्याने वाचून दाखवला. "दार लावून हसत असणार" इथपर्यंत आलो, तर ती उठून आत गेली. त्याला आज पाच दिवस झाले. बोलत नाही. जेवण वाढते, पण ताट असं आपटते की शेजारचे आपलं दार वाजलं म्हणून उघडतात. थोरल्यांसाठी पोटच्या मुलाशी अबोला. तूच काही तरी लिही तिला, तुझं ऐकते.

तुझा,
गाजलेला मामेभाऊ

---

२७ फेब्रुवारी

ठोंब्या,

लेख वाचला. आशीर्वाद पुढच्या पत्रात.

ती भुवई अविश्वासाची नाही. दूरदृष्टीची तर मुळीच नाही. हसू दाबताना माणसाची भुवई तशी जाते. ओठ आवळलेत तेही त्याचसाठी. मी अकरा रविवार त्या भुवईसमोर बसून काढले आहेत, मला तिचा अर्थ तू सांगू नकोस. आणि मानेचा ताठा म्हणशील तर कोटाची कॉलर दोन बोटं उंच होती आणि टोचत होती. दुसरं काही नाही.

तुला शब्द जुळवता येतात म्हणून तुला दिसतंही, असा तुझा समज लहानपणापासून आहे. मामी बोलत नाही हे फार बरं करते. मी तिच्या जागी असते तर ताटही वाढलं नसतं.

ताई

---

८ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. रागाचं उत्तर रागाने द्यायचं म्हणून बसलो होतो, पण मधेच कुतूहल आडवं आलं.

थोरल्यांना जाऊन नव्वद वर्षं झाली. त्यांच्या अधिकृत चरित्रात ते दोनदाच हसल्याची नोंद आहे, तारखांसकट, आणि दोन्ही वेळा परदेशी पाहुणे समोर होते. मग हे दाबलेलं हसू तू कुठून आणलंस? अकरा रविवार तू कुणाच्या भुवईसमोर बसलीस? फोटोच्या म्हणशील, तर छापखान्यातला फोटो बाहेर नेता येत नाही, आणि छापखाना रविवारी बंद असतो. हे तूच मला सांगितलं होतंस, मी कॅन्टीनबद्दल विचारलं तेव्हा. आणि कॉलर टोचत होती, हे तुला सांगितलं कुणी?

मी बराच विचार केला. तू रविवारी प्लँचेट करतेस आणि थोरले येऊन कपड्यांबद्दल कुरकुर करतात, असं एक मनात आलं. तुझं वय, एकटेपण आणि पोलादाच्या प्लेटशी चौतीस वर्षांचा सहवास पाहता तू त्यांच्या प्रेमात पडली असशील, हेही मनात आलं. तसं असेल तर मी कुणाला सांगणार नाही. पण आईसुद्धा? एकाच घराण्यातल्या दोन बायका एकाच मेलेल्या हुकूमशहावर?

काय लपवते आहेस, ते लिही. नाहीतर आईला विचारतो. ती परवापासून "मीठ दे" एवढं बोलायला लागली आहे.

तुझा,
ठोंब्या

---

१२ मार्च (पोस्टकार्ड)

विषय बंद. पोस्टकार्ड मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे लांबणार नाही. मामीला काहीही विचारू नकोस. ताई.

---

१९ मार्च

ती. ताईस,

विचारलं.

आई भाजी निवडत होती. मी विचारलं, "त्या थोरल्यांचं तुला एवढं काय आहे?" तिने भाजी बाजूला सारली, हात पदराला पुसले, कपाटातून एक कोरी वीसची नोट आणून टेबलावर ठेवली. वर एक अंगठा ठेवला, टोपी झाकली. खाली दुसरा अंगठा ठेवला, दाढी झाकली.

म्हणाली, "आता बघ."

मी बघितलं. दोन अंगठ्यांच्या मध्ये बाबा होते.

ताई, मला अजून नीट लिहिता येत नाही. टोपी आणि दाढी वगळता तिथे थोरल्यांचं काहीच नाही. नाक बाबांचं. डोळ्यांखालच्या त्या पिशव्या बाबांच्या. ती भुवई तर इतकी बाबांची, की आता मला ती दुसऱ्या कुणाची दिसतच नाही. नगरपालिकेच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं मीटर वाचणारा माणूस, सरसेनापतीच्या कोटात मान अडकवून बसलेला. वीस वर्षं मी हा चेहरा टॅक्सीवाल्यांना देत आलो, सुटे नाहीत म्हणून दुमडत आलो, एकदा डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखालीही घातला होता. त्यातली पहिली चौदा वर्षं मूळ प्रत समोरच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होती.

आई म्हणाली, "बापाला हुकूमशहा म्हणालास ते म्हणालास. वर मुलं दबक्या पावलांनी वावरायची म्हणून छापलंस. तू कधी रे दबकून वावरलास? दारं आपटत फिरायचास. आणि मी दार लावून हसत नव्हते. त्यांच्यासमोर हसायचे."

मी म्हटलं, "मला सांगितलं का नाही कुणी?"

ती म्हणाली, "ते तुझ्या ताईला विचार," आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. रात्रीचं ताट आवाज न करता ठेवलं. तेच जास्त लागलं.

विचारतो आहे. सांग.

तुझा

---

२६ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

आता लपवण्यात अर्थ नाही. वाचून झाल्यावर पत्र फाड. साहेबांच्या कानावर गेलं तर माझी पेन्शन आणि तुझा बाप दोघेही एकदमच वितळतील.

वीस वर्षांपूर्वी नव्या नोटेचा हुकूम आला. थोरल्यांचे फोटो जगात तीनच. एकात ते घोड्यावर आहेत आणि चेहऱ्यापेक्षा घोडा स्पष्ट आहे. दुसऱ्यात उन्हासाठी कपाळावर हात धरलेला. तिसऱ्यात ते शवपेटीत आहेत. आमचे त्या वेळचे साहेब म्हणाले, "जिवंत वाटला पाहिजे." मी म्हटलं, तिसऱ्यावरून जिवंत कसा वाटेल? ते म्हणाले, तो तुमच्या कलेचा भाग. मुदत तीन महिने.

मी मामाकडे रडायला गेले. मामा म्हणाला, "मला कुणी ओळखत नाही. मी कुणाच्या दाराशी गेलो तरी लोक मीटरकडे बघतात. मला बसव." सुट्टी काढून दाढी वाढवली. तुमच्या मागच्या गल्लीतल्या सलूनवाल्याने चौकातल्या पुतळ्यासमोर उभं राहून दाढीचा आकार टिपून घेतला आणि तसा हुबेहूब कापला. कोट बँडवाल्यांकडून भाड्याने आणला. तू तेव्हा नवीन नोकरीवर बाहेरगावी होतास, तुला दाढी दिसली नाही. अकरा रविवार तो माझ्या घरी खिडकीशी बसला आणि मी कागदावर रेखाटत होते.

आणि बसेना. चुळबुळ करायचा. म्हणून मी त्याला वाचून दाखवायला लागले. काय वाचणार? तुझा पेपर पोस्टाने यायचा. तुझे पहिले-पहिले लेख. मामा गंभीर चेहरा करून ऐकायचा, कारण हसला की माझी रेघ चुके. पण तुझा विनोद आला की भुवई जायचीच वर. ओठ दाबून धरायचा. मी म्हणायचे, मामा, खाली घे. तो म्हणायचा, "त्याला सांग चांगलं लिहू नकोस म्हणून." शेवटी मी ती भुवई तशीच कोरली. तू अविश्वासाची म्हणतोस ती भुवई तुझ्यावर खूश होती.

नोट निघाल्यावर मी म्हटलं, आता ठोंब्याला सांगू. मामा म्हणाला, "नको. स्वतः ओळखू दे. पेपरात लिहितो, नजर आहे त्याची." पहिली नोट त्याने तुझ्याच हातात दिली होती, "नीट बघून घे" म्हणून. तुला आठवतं का?

आता तुझी एप्रिलातली साक्ष. तुला काय सांगू मी? तुझं मत खरं आहे. गोदीतली माणसंही खरी आहेत. मी फक्त एवढंच म्हणते, की मला त्या भट्टीसमोर साक्षीदार म्हणून उभं राहायचं नाही.

तुझी,
ताई

---

३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

आठवतं. बाबांनी नोट दिली, मी ती खिडकीशी नेली, उजेडात धरून पाणचिन्ह पाहिलं आणि म्हणालो, "खरी आहे." बाबा म्हणाले, "हो." यापेक्षा जास्त विनोदी काही मी आजतागायत लिहिलेलं नाही.

काल साक्ष झाली. महिनाभर मी दोन भाषणं तयार करत होतो. पहिल्यात चेहरा काढायचा होता आणि बाप जात होता. दुसऱ्यात चेहरा ठेवायचा होता आणि माझी अब्रू जात होती. अब्रूचं फार नव्हतं, पण त्या एकेचाळीस जणांसमोर उभं राहून थोरल्यांना राहू द्या म्हणणं माझ्याच्याने होईना. दोन्ही भाषणं खिशात घालून गेलो.

आधी पक्ष्यांचा विषय निघाला. माणूस नको, पक्षी छापू, अशी सूचना होती. एका प्राध्यापकांनी उत्तरेकडचा पक्षी सुचवला, दुसऱ्यांनी चिठ्ठी पाठवली की तो पक्षी हिवाळ्यात देश सोडून जातो, त्याच्या निष्ठेचं काय? यावर पाऊण तास गेला. न्यायाधीशांचे डोळे मिटलेले होते, ते विचार करताना घोरतात.

मग गोदीच्या वस्तीतल्या एक शिक्षिका साक्षीला आल्या. त्यांचे पणजोबा त्या एकेचाळीसांतले. बँकेच्या अधिकाऱ्याने विचारलं, "हा चेहरा पाहून तुम्हाला नक्की काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "चेहरा कोण बघतं? आमच्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, कबरीवरसुद्धा नाहीत. आणि यांचं नाव मी पगार म्हणून घरी नेते. मुलं वाचायला लागली की पहिलं तेच वाचतात, नोटेवरचं. त्याचं काय ते करा."

त्या खाली बसल्या आणि माझा नंबर लागला. दोन्ही भाषणं खिशातच राहिली. मी म्हटलं, "गोळीबाराच्या हुकुमावर सही नावाने झाली. वर्तमानपत्रं नावाने बंद केली. चेहऱ्याने काय केलं, याचा कागद सरकारकडे नाही. चित्राखालची नावाची ओळ खरवडून काढा. चेहरा असू द्या, कुणाचाही असू दे."

थोडे लोक हसले. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं, ते माझ्या धंद्यामुळे. पण बँकेच्या अधिकाऱ्याने पेन्सिल काढली. नवीन चित्र, नवीन प्लेट, देशभरच्या यंत्रांची जुळवाजुळव, याचा खर्च त्याने असा वाचला की न्यायाधीश जागे झाले. मग म्हणाला, "नुसती ओळ खरवडायची तर एका माणसाचं दोन-तीन दिवसांचं काम." समितीचं एकमत व्हायला चार मिनिटं लागली. प्राध्यापक एकमेकांशी बोलले, असंही पाहणाऱ्यांनी सांगितलं.

संध्याकाळी थोरल्यांच्या भक्तांनी विजयसभा घेतली, कारण ते नोटेवर राहिले. विरोधकांनीही घेतली, कारण ते नोटेवरून गेले. शिक्षिकाबाई दोन्ही सभांना नव्हत्या. मला बाहेर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "नाव काढलंत हे बरं झालं. आता आमची एकेचाळीस कुठे लिहायची ते बघू, त्यावरही लिहा." लिहितो म्हणालो, आणि हे थट्टेत म्हणालो नाही.

संपादकांनी विचारलं, "तू विकला गेलास म्हणतात. कितीला?" मी म्हटलं, "वीसला." त्यांना विनोद वाटला.

प्लेट वितळत नाही, ताई. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि दुधवाल्याला पहिल्यांदाच वीसची नोट दिली.

तुझा,
ठोंब्या

---

२० मे

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

खरवडणारा तो एक माणूस मीच निघाले. अडीच दिवस लागले. नाव खोल कोरलेलं होतं, तेही माझंच काम. घासून, भरून, पुन्हा गुळगुळीत केलं. भिंगातून पाहताना हात थांबायचा, कारण वर मामा भुवई चढवून बघत होता. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नाव गेल्यावर चेहरा वेगळाच वाटतो, नाही?" मी म्हटलं, "सवय होईल साहेब."

माझी या कारखान्यातली शेवटची प्लेट म्हणजे एक ओळ पुसलेली जुनी प्लेट. पण छपाई पहिल्यांदाच खरी निघते आहे, असं मला वाटतं.

आता एक गोष्ट राहिली. मार्चच्या पत्रात गाळली होती, कारण मामाने बजावलं होतं. पण तुला सगळं कळलं, मग हे एकच अडवून काय करू?

मामा पहिली नोट घेऊन सलूनवाल्याकडे गेला होता. त्याने बघताक्षणी ओळखलं. चेहऱ्यावरून नव्हे, म्हणाला, "दाढी माझी आहे." मामा म्हणाला, "माझा मुलगा चेहऱ्यावरून ओळखेल." सलूनवाला म्हणाला, "नाही ओळखणार. मुलं बापाकडे बघत नाहीत, माझीही नाहीत." मग पैज लागली, वीसची. मुदत एक वर्ष. वर्ष संपलं तेव्हा मामा म्हणाला, त्याला कामाचा ताण आहे, सहा महिने वाढव. मग म्हणाला, त्याचा चष्म्याचा नंबर बदललाय, सहा महिने वाढव. अशी चौदा वर्षं मुदत वाढवत नेली. दर वेळी तुझी नवी सबब असायची. शेवटच्या आजारपणात सलूनवाला घरी दाढी करायला यायचा, तेव्हाही मामाने सहा महिने वाढवून घेतले. ते काही त्याला पुरले नाहीत.

सलूनवाल्याने मामीकडे कधी विषय काढला नाही. माणूस चांगला आहे.

एकतीसला निरोप समारंभ आहे. येऊ नकोस, भाषणं असतात.

तुझी,
ताई

---

२ जून

ती. ताईस,
सा. न.

निरोप समारंभाला आलो नाही, तुझं ऐकलं. भाषणं कशी झाली ते कळव.

काल सकाळी मागच्या गल्लीत सलूनमध्ये गेलो. मी इतकी वर्षं ऑफिसजवळ केस कापतो, तिथे मासिकं असतात. सलूनवाला आता थकला आहे, पण कात्री अजून स्वतःच चालवतो. त्याने मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं असेल तर बोलला नाही. खुर्चीत बसवलं, कापड गळ्याभोवती बांधलं, विचारलं, "किती बारीक?" मी म्हटलं, "तुम्ही ठरवा."

पंधरा-वीस मिनिटं कात्री चालत होती. आरशात मी माझ्या भुवया पाहत होतो. दोन्ही जागच्या जागी होत्या.

झाल्यावर खिशातून वीसची नोट काढून आरशासमोरच्या फळीवर ठेवली, कंगव्यांच्या शेजारी.

तो म्हणाला, "हे जास्त होतात."

मी म्हटलं, "हे बाबांचे. ओळखायला मला उशीर झाला."

त्याने नोट उचलली, खिडकीकडे नेली, लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. मग म्हणाला, "मी तर मुदत वाढवतच होतो." आणि ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, पैशांच्या गल्ल्यात नाही. मानेवरचे केस त्याने ब्रशने झाडले, दोनदा.

कापण्याचे पैसे वेगळे दिले.

तुझा